बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसोबत काम करायचंय, आधी नेमकं काय शिकावं?

कोरी पाटी

बौद्धिक आणि विकासात्मक अक्षमता असलेल्या प्रौढांना रोजच्या जगण्यात साहाय्य करण्याचं काम पूर्णवेळ करायचा विचार आहे. सुरुवात निवासी घरातला किंवा दिवसाच्या केंद्रातला साहाय्यक म्हणून. या विषयावर वाचायला गेलं की "संयम हवा, प्रेम हवं" याच्यापुढे गाडी सरकत नाही. संयम ठीक आहे हो, पण सकाळी आठ वाजता करायचं काय?

एखादं कौशल्य शिकवतात म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? बोलता न येणारी व्यक्ती स्वतःला किंवा दुसऱ्याला मारायला लागली तर पहिल्या मिनिटात काय करायचं, आणि नंतर काय? भरवणं, फिट येणं, औषधं यांत नवखा माणूस कुठे चुकतो? आणि मुलाखतीला गेल्यावर ती जागा काम करण्यासारखी आहे की नाही हे कसं ओळखायचं?

पदव्या आणि अभ्यासक्रमांची चर्चा नको, ती माहिती मिळते.

सुतळी

पहिला प्रश्न घेतो. त्याआधी एक शब्दाची गोष्ट. या क्षेत्रात पंचेचाळिशीच्या माणसालाही "आमची मुलं" म्हणायची सवय आहे. ती उचलू नका. 'मुलं' म्हटलं की मागोमाग अरे-तुरे येतं, मग त्यांच्या बुटाची नाडी आपण बांधतो आणि त्यांनी काय घालायचं तेही आपणच ठरवतो. कुठल्याही अनोळखी प्रौढाला अहो म्हणता तशी सुरुवात करा. अरे-तुरे चालेल असं त्यांनीच दाखवलं तर बदला.

निदानाच्या कागदावर बुद्ध्यंक असतो, साधारण ७० किंवा त्याखाली. रोजच्या कामात तो आकडा जवळपास निरुपयोगी. व्याख्येचा दुसरा अर्धा भाग कामाचा: वेळ-पैसे-वाचन समजणं, माणसांशी वागणं, आणि अंघोळ-कपडे-प्रवास असले व्यवहार, यांत कुठे किती आधार लागतो. फाईल हातात आली की आधी तेच पान शोधा.

आता शिकवणं. काम तोडून त्याच्या पायऱ्या करायच्या, याला कार्यविश्लेषण म्हणतात. मोज्याचं उदाहरण घेऊ.

१. खुर्चीत बसणं
२. मोजा उचलणं
३. टाचेची बाजू खाली धरणं
४. दोन्ही अंगठे आत घालून तोंड रुंद करणं
५. मोजा गोळा करत अंगठे टोकापर्यंत नेणं
६. पायाची बोटं आत घालणं
७. टाचेपर्यंत ओढणं
८. टाच ओलांडणं
९. घोट्यावर ओढून घेणं

ही यादी डोक्यातून लिहू नका. स्वतः तीनदा मोजा घाला, आपल्या हातांकडे बघत. मग ती व्यक्ती आत्ता कुठपर्यंत जाते ते एक शब्दही न बोलता बघा. खुर्ची तळवे जमिनीला टेकतील इतक्याच उंचीची हवी. पाय लोंबकळले की सगळं लक्ष तोल सांभाळण्यात जातं आणि आपण समजतो की मोजा जमत नाही.

शिकवायचं शेवटाकडून. पहिल्या आठ पायऱ्या आपण करायच्या, टाच ओलांडलेला मोजा घोट्याखाली सोडायचा आणि नववी पायरी त्यांनी करायची. काम जिथे 'झालं' तिथे हात त्यांचा असतो, हा यातला फायदा. सलग तीन वेळा विनामदत जमलं की आठवीही त्यांच्याकडे. बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण मोजा पुढून ओढला जातो आणि टाचेखाली त्याची गुंडाळी होते. यावर उपदेश चालत नाही, सामान बदलावं लागतं: एक माप मोठा, सैल इलास्टिकचा मोजा आणि टाचेवर ठसठशीत रंगाच्या दोऱ्याचे चार टाके. बोट त्या टाक्यांवर गेलं की मागून ओढणं आपोआप जमतं. तोच रंग तिसऱ्या पायरीलाही उपयोगी पडतो, रंग जमिनीकडे असला म्हणजे मोजा सुलटा.

रंगाची युक्ती जुनी आहे. १९७० च्या दशकात मार्क गोल्ड यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांना सायकलचा १५ भागांचा ब्रेक जोडायला शिकवलं, तेव्हा काहींना दिलेल्या सुट्या भागांची एक बाजू लाल रंगवली होती. भाग योग्य दिशेने ठेवला की लाल बाजू समोर दिसायची. शिकणं बरंच लवकर झालं. शिकणाऱ्यात काही बदललं नव्हतं, सामान बोलायला लागलं होतं.

मदतीचे प्रकार ढोबळमानाने चार: हात धरून करवणं, करून दाखवणं, खूण करणं, तोंडी सांगणं. तोंडी सांगणं ही सगळ्यात हलकी मदत वाटते, पण काढून घ्यायला सगळ्यात अवघड तीच. "आता नळ सोडा, आता ब्रश घ्या" असं वर्षभर चाललं की तुमचा आवाज हीच एक पायरी होऊन बसते; तुम्ही रजेवर गेलात की ब्रश कोरडाच राहतो. म्हणून बोट दाखवा, वस्तूकडे बघा, वस्तू दोन इंच पुढे सरकवा, पण तोंड बंद ठेवा. आणि प्रत्येक पायरीला मदतीआधी पाच सेकंद थांबा. नवख्यांचे पाच सेकंद दीड सेकंदात संपतात. घड्याळ लावून सराव करावा लागतो, यात विनोद नाही.

नोंद एका ओळीची पुरते. 'ह' हात, 'द' दाखवलं, 'ख' खूण, 'त' तोंडी, 'स्व' स्वतः:

मंगळवार, उजवा पाय: १ स्व, २ स्व, ३ ख, ४ ह, ५ ह, ६ ख, ७ ख, ८ ह, ९ स्व

अशा दहा ओळी एकाखाली एक ठेवल्या की कुठे हललं आणि कुठे नाही ते लगेच दिसतं. दहा दिवस एकाच पायरीवर 'ह' असेल तर त्या पायरीचे दोन तुकडे करा किंवा सामान बदला. "प्रगती नाही" असा शेरा मारू नका.

रातराणी

मारणं-चावणं याबद्दल.

पहिल्या मिनिटात शिकवायचं काहीच नसतं, फक्त कुणाला इजा होऊ द्यायची नाही. हातभर आणि वर एक पाऊल इतकं अंतर, समोर नाही तर थोडं बाजूला उभं राहायचं, दाराची वाट अडवायची नाही. आवाज खाली, वाक्य दोन-तीन शब्दांचं. "का करताय असं?" हा प्रश्न त्या क्षणी निव्वळ आवाज असतो. चिडलेल्या व्यक्तीला खोलीबाहेर न्यायच्या फंदात पडू नका, बाकीच्यांना बाहेर न्या. ते सोपं असतं. डोकं भिंतीवर आपटत असेल तर मध्ये उशी घाला, तळहात नको, बोटं मोडतात. हात चावला असेल तर ओढून काढू नका, कातडी फाटते. उलट हलकेच तोंडाकडे दाबा, पकड सैल होते. केस धरले असतील तर त्यांचा हात आपल्या डोक्यावरच दाबून धरा. हे दोन्ही प्रकार आधी प्रशिक्षणात कुणावर तरी करून बघितलेले असले पाहिजेत, वाचून जमत नाहीत.

आणि पालथं पाडून पाठीवर किंवा छातीवर वजन टाकून धरणं, कधीही नाही. श्वास कोंडून माणसं गेली आहेत त्यात.

खरं काम नंतरचं. तीन रकान्यांचा तक्ता: आधी काय घडलं, काय केलं, नंतर लगेच काय झालं. 'चिडले' हा शब्द तक्त्यात चालत नाही. असं लिहा: "१०:१५. टेबलावर तिसरी वर्कशीट ठेवली. उजव्या मनगटाला दोनदा चावले, वळ, कातडी शाबूत. वर्कशीट उचलून नेली. १०:१९ ला शांत." अशा पंधरा-वीस नोंदी झाल्या की बहुधा चारातलं एक कारण वर येतं: कुणाचं तरी लक्ष मिळतं, हवी ती गोष्ट मिळते, नको त्या कामातून सुटका होते, किंवा त्या कृतीतून शरीराला मिळणारी संवेदनाच हवी असते. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करण्याच्या वागण्यावर पद्धतशीर चाचण्या केल्या, तिथून ही विचारपद्धत रुजली. वरच्या नोंदीत कारण उघड आहे. चावलं की वर्कशीट जाते.

मग चावण्याच्या जागी तेच काम करणारं, पण कमी कष्टाचं काहीतरी द्यायचं: 'थांबू या' असं चित्रकार्ड, तळहात वर करण्याची खूण, बटण दाबल्यावर बोलणारं यंत्र. (एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांचं १९८५ चं काम यावरच आहे.) हे फसतं ते आपल्यामुळे. कार्ड दिलं जातं, माणूस ते दाखवतो, आणि आपण म्हणतो, "एवढं संपवा, मग थांबू." झालं. कार्ड खोटं ठरलं, मनगट खरं. पहिले काही आठवडे कार्ड दाखवल्या क्षणी काम थांबलंच पाहिजे, दहा मिनिटांत बारा वेळा दाखवलं तरी. वाट बघायला नंतर शिकवता येतं, आधी दहा सेकंद, मग तीस. दुसरी अडचण अशी की जुन्या वागण्याला फळ मिळेनासं झालं की ते थांबण्याआधी काही दिवस वाढतं. नेमक्या त्या दिवसांत कुणीतरी घाबरून "ही पद्धत चालत नाही" म्हणतं आणि सगळ्यांत जोरात मारलं तेव्हा मागणी पूर्ण करतं. त्यातून शिकवण मिळते ती "अजून जोरात मार".

चार कारणांच्या आधी एक पाचवं: दुखणं. वागणं नवीन असेल किंवा अचानक वाढलं असेल तर तक्ता बाजूला ठेवा आणि दात, कान, पोट, लघवीचा संसर्ग, पाळी, नवीन औषध, बूट चावतोय का, हे बघा. डॉक्टरसुद्धा "त्यांच्या अक्षमतेमुळेच असं करतात" म्हणून परत पाठवतात. स्टीव्हन राइस यांनी १९८२ मध्ये हीच प्रवृत्ती मानसिक आजारांच्या बाबतीत दाखवली होती: अक्षमतेच्या सावलीत दुसरं निदान दिसेनासं होतं. तिथे तुमचा तारखांसह लिहिलेला तक्ता कामी येतो. "१२ तारखेपर्यंत आठवड्याला एक, १३ पासून दिवसाला सहा, जेवताना डाव्या गालावर हात" असं समोर ठेवलं की तोंड उघडून बघितलं जातं.

चमचाभर

भरवण्यावर कुणी नीट बोलत नाही, आणि जीव जायची शक्यता तिथेच जास्त. ठसका लागणारा माणूस दिसतो तरी. अन्न श्वासनलिकेत जाऊनही ज्याला ठसका येत नाही तो दिसत नाही. जेवताना किंवा लगेच नंतर आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा होणं, डोळ्यांत पाणी, जेवण अर्ध्या तासाच्या पुढे रेंगाळणं, पुन्हा पुन्हा ताप आणि छातीचा संसर्ग, यांतलं काहीही दिसलं तर स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या.

सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त होणारी चूक: उभं राहून भरवणं. चमचा वरून येतो, माणूस मान वर करतो, आणि मान मागे गेली की श्वासमार्ग उघडा पडतो. समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. चमचा खालून, समोरून. आधीचा घास गिळला हे गळ्याची हालचाल बघून ठरवा, तोंड रिकामं दिसतंय यावरून नको; घास गालात साठतो. जेवणानंतर किमान ३० मिनिटं ताठ बसवून ठेवायचं.

अन्नाचा घट्टपणा 'मऊ', 'पातळ' असा लिहिलेला असेल तर त्याला अर्थ नाही, प्रत्येकाचं मऊ वेगळं. आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत ० ते ७ असे स्तर आहेत आणि ते काट्याने-चमच्याने मोजता येतात. स्तर ५ म्हणजे ओलसर आणि बारीक, प्रौढांसाठी कण ४ मिमीपर्यंत, साधारण काट्याच्या दोन दातांमधली फट. स्तर ६ म्हणजे मऊ तुकडे, १५ मिमीपर्यंत, काट्याच्या रुंदीइतके. काट्यावर अंगठ्याने दाबताना नख पांढरं पडेल इतक्या जोरात तुकडा चिरडला गेला पाहिजे आणि परत फुगता कामा नये. द्रवासाठी १० मिलीची सिरिंज (० ते १० या खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी असलेली, सगळ्या सारख्या नसतात), दांडा काढायचा, खाली बोट धरून भरायची, बोट १० सेकंद सोडायचं. १ ते ४ मिली उरलं तर स्तर १, ४ ते ८ उरलं तर स्तर २, त्याहून जास्त उरून थोडं तरी वाहिलं तर स्तर ३. कुणाला कुठला स्तर हे थेरपिस्ट ठरवतात. आपण फक्त तो पाळतो आणि तपासतो.

द्रव दाट करण्याची पावडर स्टार्चची असेल तर एक गोम आहे. ठेवून दिलं तर ते अजून घट्ट होतं, आणि लाळेचा चमचा पुन्हा पेल्यात बुडवला तर पातळ, कारण लाळ स्टार्च फोडते. म्हणजे सुरुवातीचा घोट बरोबर आणि शेवटचा धोक्याचा. डिंकाच्या प्रकारातल्या पावडरींना ही अडचण नाही. रसात तुकडे तरंगणारा पदार्थ बहुतेकांना सर्वांत अवघड: तुकडा चावेपर्यंत रस घशात उतरलेला असतो.

फिट: घड्याळ बघा, हे पहिलं. डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचं सामान दूर, गळ्याजवळचं सैल. दाबून धरायचं नाही, तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. झटके थांबले की कुशीवर. ५ मिनिटांपुढे गेली, शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, पाण्यात आली, मार लागला, श्वास नीट सुरू होत नाही किंवा आयुष्यातली पहिलीच असेल तर रुग्णवाहिका. तातडीचं औषध लिहून दिलेलं असेल तर ते किती मिनिटांनी द्यायचं हे त्या व्यक्तीच्या वैयक्तिक योजनेत (तिला कसं, किती साहाय्य करायचं याच्या कागदात) असतं, कामाच्या पहिल्याच दिवशी वाचा. व्हीलचेअरमध्ये आली तर सहसा खुर्चीतच ठेवायचं: ब्रेक लावा, डोक्याला आधार द्या. ज्यांना फिट येतात त्यांना टबात एकटं सोडू नये.

औषधं: नाव, औषध, मात्रा, वेळ, देण्याचा मार्ग हे जुळवा, दिल्यावर लगेच सही, आधी नाही. गोळी गिळत नाहीत म्हणून चुरून अन्नात मिसळणं सर्रास चालतं; हळूहळू सुटणारी गोळी चुरली की दिवसभराची मात्रा एका झटक्यात जाते. फार्मासिस्टला विचारा, द्रवरूप मिळतं का. फिटचं औषध संपलं म्हणून दोन दिवस चुकलं तर चालतं, असं कधीच नसतं.

शेवटचं, बद्धकोष्ठता. हसू नका. कमी हालचाल, कमी पाणी आणि मनोविकाराची काही औषधं मिळून आतडं पूर्ण तुंबू शकतं, आणि बोलता न येणारी व्यक्ती सांगू शकत नाही. शौचाची नोंद रोज, ब्रिस्टल तक्त्याच्या (शौच किती कडक, किती पातळ याची वर्गवारी) १ ते ७ प्रकारांनुसार. १ आणि २ म्हणजे कडक. तीन दिवस काहीच नाही आणि मग एकदम पातळ, तर ते जुलाब समजून थांबवण्याचं औषध देऊ नका. तुंबलेल्याच्या कडेने पातळ पाझरतं.

डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींसोबत असाल तर थायरॉइड आणि ऐकू येणं नियमित तपासलं जातंय का बघा. चाळिशीनंतर वागणं बदललं, येणारी कामं सुटायला लागली तर अल्झायमरचा विचार डॉक्टरांशी काढा. २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत हे त्यामागचं कारण. तिशीतच "काय काय येतं" याची एक सविस्तर नोंद करून ठेवली तर नंतर तुलना करता येते. प्रेडर-विली (एक जनुकीय विकार) असेल तर पोट भरल्याची जाणीवच होत नाही. तिथे कुलूपबंद अन्न ही शिक्षा नसते, ते कुलूप योजनेत लिहिलेलं असतं.

कोरी पाटी

बरंच हाती लागलं. दोन शंका. सुतळी, हात धरून करवणं हे जबरदस्तीत कधी जातं? आणि समजा एखाद्या ताईंनी चार दिवस अंघोळ नको म्हटलं, तर निवडीचा आदर करायचा की अंघोळ घालायची?

सुतळी

हात वरून धरू नका, खालून द्या. तुमचा हात वस्तूवर, त्यांचा हात तुमच्या हातावर. त्यांना काढून घ्यायचा असेल तर काढता येतो. वरून धरला आणि त्यांनी ओढला, ताठ केला, नजर फिरवली, तर तो नकारच, तिथे थांबायचं. बधिर-अंध व्यक्तींसोबत काम करणारे हे कटाक्षाने पाळतात, कारण हात हेच त्यांचे डोळे.

रातराणी

इथे थोडी असहमती. स्नायूंवर ताबा कमी असलेल्यांना खालून दिलेल्या हातातून पकड समजतच नाही, कोपराला किंवा मनगटाला आधार द्यावाच लागतो. मान्य इतकंच की ताठरला की सोडायचं.

अंघोळीचं: "नको" म्हणजे कशाला नको, ते आधी शोधा. पाणी डोक्यावरून नको? थंड फरशी? साबणाचा वास? ती साहाय्यक नको? सकाळ नको? एक दिवस फक्त पाय धुवा, दुसऱ्या दिवशी वेळ बदला, तिसऱ्या दिवशी शॉवर भिंतीवर न ठेवता त्यांच्या हातात द्या. पाणी ३७-३८ अंश, थर्मामीटरने. काहींना गरम-थंड उशिरा जाणवतं आणि भाजतं. निवड विचारताना "अंघोळ करायची?" असं विचारलं तर "नको" हे उत्तर ऐकायची तयारी हवी. करायचीच असेल तर निवड दुसरी द्या: हा टॉवेल की तो, आत्ता की चहानंतर. वस्तू प्रत्यक्ष दाखवा. आणि दोन्ही वस्तूंच्या जागा अदलून पुन्हा विचारा, कारण काहीजण नेहमी उजवीकडचीच उचलतात किंवा शेवटी उच्चारलेलाच शब्द परत म्हणतात. ती निवड नसते.

चार दिवस नकार आलाच, तर "नकार दिला" एवढंच लिहून सुटका नाही. काय काय करून पाहिलं ते लिहा आणि पाचव्या दिवशी वरिष्ठांशी बोला. त्वचेवर फोड, वास, संसर्ग दिसायला लागेपर्यंत थांबणं याला आदर म्हणत नाहीत, हेळसांड म्हणतात.

उंबरठा

मुलाखतीचा प्रश्न राहिला.

तुम्हाला प्रश्न विचारून झाले की तुम्ही विचारा: एका साहाय्यकामागे दिवसा किती जण, रात्री किती? एकट्याने जबाबदारी देण्याआधी किती पाळ्या दुसऱ्यासोबत करायला मिळतील? ('दुसऱ्या दिवसापासून एकट्याने' असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा.) रात्रीची पाळी जागी की झोपायची, आणि झोपेतून उठावं लागलं तर ते तास मोजतात का? शेवटचा गंभीर प्रसंग कुठला, आणि त्यानंतर काय बदललं? "आमच्याकडे असं काही होत नाही" हे सगळ्यात वाईट उत्तर, कारण प्रसंग सगळीकडे होतात, फक्त काही ठिकाणी लिहिले जात नाहीत.

मग घर बघायला मागा, शक्यतो संध्याकाळी. शिफ्ट बदलते म्हणून सात वाजता सगळे अंथरुणात आहेत? सगळ्यांचे केस एकाच धाटणीचे कापलेत? टॉवेलवर, ब्रशवर नावं आहेत की एकाच बादलीत आठ ब्रश? खोलीचं दार ठोठावून आत गेले की तसेच घुसले? तुमच्याशी बोलताना त्यांच्याबद्दल, त्यांच्या समोर, ते तिथे नसल्यासारखं बोलले? वैयक्तिक योजना दाखवायला सांगा, नाव झाकून. पहिल्या पानावरची तारीख आणि कुणाच्या सह्या आहेत ते बघा. तीन जणांच्या योजनांत तीच वाक्यं असतील तर कुणी लिहिलेल्या नाहीत, उतरवल्यात.

पाठीची काळजी पहिल्या दिवसापासून. माणूस उचलण्यासाठी सुमारे १६ किलो ही वरची मर्यादा धरतात, तीही अनुकूल स्थितीत. म्हणजे पूर्ण प्रौढ एकट्याने उचलायचा प्रश्नच नाही: उभं राहण्याची ताकद असेल तर आधाराने, नसेल तर होइस्ट (झोळीत बसवून माणूस उचलणारं यंत्र) आणि दोन माणसं. काखेत हात घालून ओढू नका, खांदा निखळतो, विशेषतः एका बाजूला कमजोरी असेल तर. व्हीलचेअरवरून उठवण्याआधी ब्रेक, मग पायपट्ट्या बाजूला. घाईत पायपट्टी तशीच राहते आणि नडगी सोलते. होइस्टच्या झोळीचे टाके आणि फासे दरवेळी बघा, धुऊन धुऊन लेबल पुसलेली झोळी वापरू नका, कारण तिच्यावरची वजनमर्यादाच वाचता येत नाही. बिछान्यावर पडून असणाऱ्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात, नेमकी वेळ योजनेत असते. माकडहाड, टाचा, कोपरांवर बोट दाबून बघा. दाबल्यावर लाली फिकी होत नसेल तर जखमेची सुरुवात आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा टणक लागतं का ते बघायचं.

पुढे जाण्याच्या वाटा अनेक आहेत. साहाय्यकापासून नोकरी-मार्गदर्शक: आधी दुकानात किंवा कारखान्यात खऱ्या जागेवर नेमणूक, मग तिथेच शिकवणं, आणि हळूहळू आपण तिथून नाहीसं होणं. वागणूक-विश्लेषण, स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शिक्षण यांच्याकडेही इथूनच लोक जातात. दोन वर्षं नीट नोंदी ठेवलेला माणूस तिथे वेगळा दिसतो. कायद्याची बाजू समजून घ्यायची तर संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार वाचा, निदान कलम १२ आणि १९: निर्णय घेण्याचा अधिकार आणि समाजात राहण्याचा अधिकार.

आणि हो, "उद्या येतो" म्हणू नका, उद्या सुट्टी असेल तर. भिंतीवर कोण कधी येणार याचे फोटो लावतात, तो तक्ता सात वाजता बदलायचं काम बहुधा नवख्यावर येतं. आपला फोटो स्वतः काढून बाजूला ठेवा, त्यांच्या समोर.

कोरी पाटी

पुढच्या आठवड्यात एक घर बघायला जातोय, संध्याकाळची वेळ मागितली आहे. मोज्याच्या टाक्यांसाठी कुठला रंग?

सुतळी

मोज्याच्या आणि फरशीच्या, दोन्हींच्या विरुद्ध जाणारा. काळ्या मोज्यावर पिवळा चालतो. आतल्या बाजूला गाठ ठेवू नका, टाचेला बोचते आणि मग मोजाच नको म्हणतात.